साध्या फाइलची कुलूपबंद डिस्क: टर्मिनलवरचा माझा अनुभव

सांगलीत हळदीच्या व्यापाऱ्यांचे जीएसटीचे कागद सांभाळायचे म्हणजे लॅपटॉपवर लोकांची पॅनकार्डं, आधार, पासबुकाच्या प्रती साठत जातात. हे सगळं एकाच फाइलमध्ये कुलूपबंद असावं आणि ती फाइल उचलून कुठंही नेता यावी, असं मला हवं होतं. अख्खी हार्डडिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे पासवर्डाशिवाय वाचता येणार नाही अशी केली, तर लॅपटॉप चोरीला गेला तरी धास्ती नसते, पण पेनड्राइव्हवर काढलेली प्रत उघडीच राहते. 2019 च्या ऑगस्टमध्ये गणपती पेठेत महापुराचं पाणी शिरलं, तेव्हापासून एक प्रत नदीपासून लांब, विट्याला ठेवायची हे मी पक्कं केलंय. ती प्रत वाटेत हरवली तरी कुणाला वाचता येता कामा नये.

लिनक्सवर याला क्रिप्टसेटअप ही एन्क्रिप्शनची आज्ञा पुरते. उबुंटू 22.04 वर मी लक्स2 (डिस्क कुलूपबंद करायची लिनक्सची नेहमीची पद्धत) वापरून पेटी, म्हणजे ती कुलूपबंद फाइल, केली. खालच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.

आधी रिकामी फाइल: 'फॅलोकेट -एल 4जी पेटी.आयएमजी'. डिस्कवर 4 जीबी जागा खरोखर अडवली जाते. 'ट्रंकेट'नेही फाइल क्षणात तयार होते, पण ती पोकळ असते. आकार 4 जीबी दिसतो आणि जागा मात्र लिहीत जाऊ तशी घेतली जाते. पुढं लॅपटॉपची डिस्क भरली की पेटीच्या आत जागा शिल्लक दिसत असतानाच लिहिणं अडतं आणि आतली फाइलसिस्टिम (फाइली कुठं आहेत त्याची मांडणी) बिघडते. म्हणून सुरुवातीला फॅलोकेटच. एक उणीव आहे: न वापरलेला भाग शून्यांनी भरलेला राहतो, त्यामुळं पेटी किती भरलीय ते बाहेरच्याला कळू शकतं. तेही लपवायचं असेल तर 'डीडी' या कॉपीच्या आज्ञेनं यूरँडममधून (लिनक्समध्ये विस्कळीत, अंदाज न येणारे बाइट देणारी जागा) फाइल भरायची. वेळ जास्त लागतो, एवढंच.

पेनड्राइव्ह फॅट32 असेल तर 4 जीबीची पेटी त्यावर मावत नाही. तिथं एका फाइलची मर्यादा 4 जीबीला फक्त एक बाइट कमी आहे, म्हणजे 4096 एमबी नाही, 4095 एमबी चालते. कॉपी जवळजवळ पुरी होते आणि शेवटी 'फाइल टू लार्ज' येतं. पेनड्राइव्ह एक्सफॅट करून घेतलेला बरा.

मग 'सुडो क्रिप्टसेटअप लक्सफॉरमॅट --टाइप लक्स2 पेटी.आयएमजी'. फाइलचं नाव दोनदा वाचूनच एंटर मारायचं, कारण चुकून दुसऱ्या फाइलचं नाव गेलं तर तिचं तोंडच पुसलं जातं. खात्रीसाठी 'येस' लिहायला सांगतात ते कॅपिटल अक्षरांतच हवं. लहान अक्षरांत लिहिलं तर काम तिथंच थांबतं.

पासवर्ड मराठीत ठेवायचा मोह होतो. ठेवू नये. एकच दिसणारं देवनागरी अक्षर दोन कीबोर्ड वेगवेगळ्या बाइटांत लिहू शकतात, आणि दुसऱ्या संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड नसेल तर टाइपच होणार नाही. इंग्रजी अक्षरांतले एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्यावेत.

इथंच जुन्या संगणकाचा प्रश्न येतो. लक्स2 पासवर्डातून किल्ली काढायला अर्गॉन2 नावाची गणिती पद्धत वापरतं आणि ती मुद्दाम भरपूर मेमरी घेते, 1 जीबीपर्यंत. किती घ्यायची ते पेटी तयार करणाऱ्या संगणकावर ठरतं, आणि उघडताना तेवढीच लागते. विट्याच्या 2 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर उघडायची असेल तर फॉरमॅट करतानाच '--पीबीकेडीएफ-मेमरी 262144' द्यावं. आकडा केबीत आहे, म्हणजे 256 एमबी. संरक्षण थोडं कमी होतं, त्याची भरपाई पासवर्ड लांब ठेवून करायची.

उघडायला 'सुडो क्रिप्टसेटअप ओपन पेटी.आयएमजी पेटी'. जुन्या लेखांत आधी 'लोसेटअप'नं लूप डिव्हाइस (फाइलला डिस्कसारखं दाखवणारी सोय) जोडायला सांगतात. आताचं क्रिप्टसेटअप ते स्वतःच जोडतं आणि बंद करताना सोडतं. हातानं जोडलं असेल तर मात्र 'लोसेटअप -डी'नं हातानंच सोडावं लागतं.

उघडल्यावर '/डेव्ह/मॅपर/पेटी' दिसते. पहिल्या वेळी फाइलसिस्टिम तयार करायला तिच्यावर 'एमकेएफएस.एक्स्ट4 -एम 0' चालवायचं. '-एम 0' दिलं नाही तर 5 टक्के जागा रूटसाठी (सगळे अधिकार असलेला मुख्य वापरकर्ता) राखली जाते, आणि कागदपत्रांच्या पेटीत ती वायाच जाते. नंतर माउंट, म्हणजे पेटी एका फोल्डरला जोडायची. माउंट केलेल्या फोल्डरची मालकी रूटकडे असते, म्हणून फाइल टाकायला गेलं की 'परमिशन डिनाइड'. एकदाच 'चोन'नं आपल्या नावावर करून घ्यायचं, ते पेटीच्या आतच टिकतं.

बंद करताना क्रम उलटा: आधी 'अमाउंट', मग 'क्रिप्टसेटअप क्लोज'. 'टार्गेट इज बिझी' आलं तर बहुतेक वेळा दुसरं टर्मिनल त्याच फोल्डरमध्ये उभं असतं किंवा एखादी पीडीएफ उघडी असते. 'फ्यूजर -व्हीएम' आणि फोल्डरचा पत्ता दिला की कोण अडवतंय ते दिसतं. 'अमाउंट -एल' वापरून सुटका करून घेऊ नये. फोल्डर नजरेआड होतं, पण आत काम चालूच असतं आणि पेटी बंद होत नाही.

आता हेडर. पेटीच्या सुरुवातीच्या 16 एमबीत किल्ल्यांची सगळी माहिती असते. ती खराब झाली तर पासवर्ड बरोबर असूनही आतलं काहीही परत मिळत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी 'क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप पेटी.आयएमजी --हेडर-बॅकअप-फाइल हेडर.बिन' करून ती फाइल वेगळ्या जागी ठेवली. यात एक मेख आहे. नंतर पासवर्ड बदलला तरी जुनी हेडर-प्रत जुन्या पासवर्डानं पेटी उघडतेच. पासवर्ड फुटला म्हणून बदलला असेल तर जुन्या हेडर-प्रती आणि पेटीच्या जुन्या प्रती, दोन्ही शोधून नष्ट कराव्या लागतात.

जागा कमी पडली तर पेटी बंद करून, आधी प्रत काढून, 'ट्रंकेट -एस +2जी पेटी.आयएमजी'. त्यातल्या अधिक चिन्हाकडं नीट बघा. ते राहिलं तर फाइल 2 जीबीनं वाढत नाही, 2 जीबीवर कापली जाते आणि उरलेले 2 जीबी क्षणात जातात, काही न विचारता. म्हणून हल्ली मी वाढवतानाही 'फॅलोकेट -एल 6जी'च वापरतो. ते फाइल लहान करत नाही. वाढवल्यावर पेटी उघडायची, माउंट न करता 'ई2एफएससीके -एफ'नं फाइलसिस्टिम तपासायची आणि मग 'रिसाइझ2एफएस'नं ती वाढवायची.

पेटीत टाकलेल्या कागदांच्या बाहेर राहिलेल्या खुणाही बघाव्या लागतात. फाइल मॅनेजर आधारच्या पीडीएफचं छोटं चित्र '.कॅश'मधल्या 'थंबनेल्स' फोल्डरमध्ये ठेवतो, पेटी बंद झाली तरी ते तिथंच असतं. मी पेटीच्या फोल्डरसाठी थंबनेल बंद केले आणि जुने पुसले. मूळ उघड्या फाइली 'श्रेड'नं, म्हणजे त्याच जागी वरून लिहून, पुसल्या असं समजून निश्चिंत राहू नये. एसएसडीवर नवं लिखाण त्याच जागी पडेल याची खात्री नसते. कागद स्कॅन झाल्यावर थेट पेटीतच सेव्ह करायचे, हा एकच खरा उपाय.

विट्याला प्रत पाठवताना पेटी बंद असलीच पाहिजे. उघड्या पेटीची कॉपी काढली तर काही बदल मेमरीत अडकलेले असतात आणि प्रत अर्धवट येते. बंद केल्यावर 'एसएचए256सम'चा आकडा (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) लिहून घेतो, तिकडं तोच यायला हवा. पण उघड्या पेटीची अर्धवट प्रत जशीच्या तशी पोहोचली तरीही आकडा जुळतो. म्हणून तिकडं ती '--रीडओन्ली' देऊन उघडायची आणि 'माउंट -ओ आरओ' करायची. माउंट झाली नाही आणि 'डीमेसेज'मध्ये, म्हणजे सिस्टिमच्या संदेशांत, 'रिकव्हरी रिक्वायर्ड ऑन रीडओन्ली फाइलसिस्टिम' दिसलं, तर पेटी उघडी असताना प्रत काढली गेलीय. त्या प्रतीवर दुरुस्ती करत बसायचं नाही. सांगलीत पेटी नीट बंद करून नवी प्रत पाठवायची.