तुम्ही विचारलंत म्हणून: पावडरचा डबा बॅगेत ठेवू का?

माझी सगळी नोकरी पालिकेच्या इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात झाली. निवृत्त झाले तरी बिल्डिंगमध्ये कुणाला सातवा लागला की प्रश्न माझ्याच दारी येतो. डोहाळजेवणाच्या पंगतीत विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात. परवा एका होणाऱ्या बापाने भाजीवाल्यासमोरच विचारलं, "काकू, हॉस्पिटलच्या बॅगेत बाळाच्या दुधासाठी काय काय भरू? पावडरचा एक डबा असू दे ना, सेफ्टी म्हणून?"

डबा नको. का ते सांगते.

बॅगेत असलेला डबा दुसऱ्या रात्री उघडतो. पहिली रात्र बरी जाते, बाळही दमलेलं असतं. दुसऱ्या रात्री ते खडबडून जागं होतं आणि अर्ध्या-पाऊण तासाने अंगावर मागत राहतं. पाजून खाली ठेवलं की परत रडतं. पान्हा अजून फुटलेला नसतो. तो साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी फुटतो, सिझेरियन झालं असेल तर आणखी थोडा उशीर. बाईचे टाके ठणकतायत, शेजारच्या खाटेवरची उसासे टाकतेय, आणि सोबतीला आलेली आई किंवा सासू म्हणते, "याचं पोट भरत नाहीये गं, तुला दूधच नाहीये." अशा वेळी डबा हाताशी असेल तर कुठलीही बाई तो उघडणार. बाळ वरचं दूध पिऊन तीन-चार तास झोपतं, सगळ्यांना हायसं वाटतं. पण तेवढे तास ते अंगावर ओढत नाही, आणि ओढलं नाही की दूध वाढत नाही. चौथ्या दिवशी सासूबाईंचं म्हणणं खरं ठरलेलं असतं.

खरं म्हणजे त्या रात्रीच्या चिकटून राहण्यानेच दूध वाढतं. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतो चमचाभर, आणि चीक, म्हणजे आईचं पहिलं दाट दूध, तेवढाच येतो. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे नेहमीचंच. हे तुम्हाला ठाऊक असून पुरत नाही, रात्री तुमच्या उशाशी बसणाऱ्या बाईला ठाऊक हवं. म्हणून मी म्हणते, बॅग मागाहून भरा, आधी रात्रीचं माणूस ठरवा.

जनरल वॉर्डात बहुधा एकाच बाईला थांबू देतात, नवऱ्याला नाही. ती आईच असावी असं काही नाही. जी कमी घाबरते ती निवडा, मग ती नणंद का असेना. आठव्या महिन्यात तिला चहाला बसवून स्पष्ट सांगा: चीक पिळून टाकायचा नाही, मध चाटवायचा नाही, गुटी नाही, पाणी नाही, आणि "दूध नाही" हे वाक्य माझ्या कानावर घालायचं नाही. मधाचं बजावून सांगा, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो. चिकाबद्दल एका आजींना मी विचारलं होतं, गाईचा चीक आला की खरवसासाठी अख्खी चाळ वाटी घेऊन उभी राहते ना, मग नातवाचा का टाकता? हसल्या. पण मग सुनेजवळ बसून राहिल्या.

दुसरी अडचण पाहुण्यांची, आणि ती मुंबईत भारी. रविवारी मेगाब्लॉक असला तरी विरारहून, पनवेलहून माणसं येतातच. बाळ हातोहात फिरतं. मूठ तोंडात घालतं, ओठ चाटतं, मान वळवून शोधतं. भूक लागल्याच्या या खुणा. रडणं सगळ्यात शेवटी येतं. पण समोरच्या खुर्चीत काका पेपर वाचत बसलेले, बाई संकोचते, आणि पाजायची वेळ टळते. मग चिडलेलं बाळ काही केल्या पकडत नाही. पाहुण्यांना बाहेर काढणं हे नवऱ्याचं काम. सुनेने काढलं की ती शिष्ट ठरते, मुलाने काढलं की डॉक्टरांचा नियम असतो.

डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायची एक गोष्ट: पहिल्या तासात बाळ छातीशी देणार का? सिझेरियनमध्ये बहुतेकदा भूल पाठीतून दिलेली असते, बाई जागी असते, तेव्हा तिथेही ते जमू शकतं. पुढे टाक्यांवर भार येऊ नये म्हणून कुशीवर निजून पाजा, किंवा बाळाला काखेखाली घ्या, पाय तुमच्या पाठीकडे. तोंडात नुसतं निपल जाऊन चालत नाही, भोवतालचा काळसर भागही जायला हवा आणि हनुवटी छातीला टेकलेली हवी. दुखत राहिलं तर तोंडाच्या कोपऱ्यातून बोट घालून सोडवा आणि पुन्हा लावा. जमेना तर सिस्टरला हाक मारा. रात्रपाळीला एक सिस्टर आणि सगळा वॉर्ड, हे मला सांगू नका, मीच ती सिस्टर होते. तरीही हाक मारा, आली नाही तर परत मारा.

आता बॅग. पुढून उघडणारे गाऊन, एक जादा उशी, मऊ पंचे, स्टीलची वाटी-चमचा. घरात आजीचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी, असेल तर तेही चालेल, उकळून घ्या. विजेवरचा पंप आधीपासून घेऊ नका. चीक थेंबाथेंबाने येतो, पंपाच्या भांड्यालाच चिकटून राहतो. हाताने वाटीत काढलेला वाया जात नाही. लंगोट भरपूर, पावसाळ्यात तर दुप्पट. अळिवाचे लाडू खुशाल खा, पण बाळ ओढत नसेल तर लाडू एकटे काही करणार नाहीत.

वरचं दूध कधी लागतच नाही असं मी म्हणत नाही. बाळ दिवसांआधी आलं, वजन कमी भरलं, आईला मधुमेह आहे आणि बाळाची साखर उतरली, अशा वेळी डॉक्टर सांगतील ते द्यायचं. फक्त विचारा: किती, कशाने आणि कधीपर्यंत. पावडर तेव्हाही इस्पितळाखालच्या केमिस्टकडे मिळते. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, असेल तर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला लागा. दान केलेलं, पाश्चराइज केलेलं आईचं दूध मिळेल का, तेही विचारा. अशी दुधाची पेढी आशियात पहिल्यांदा निघाली ती आपल्या शीवच्या टिळक रुग्णालयात, १९८९ साली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने. आणि कुणी कौतुकाने पावडरचं फुकट पाकीट हातात ठेवलं तर परत करा. १९९२च्या कायद्याने आयांना अशी सॅम्पलं वाटायला बंदी आहे, जाहिरातीलाही. जिला पाजायचं नाही किंवा जमतच नाही, तिला मी कधी उपदेश केला नाही. तिच्याकडे उपदेश करणारी माणसं आधीच रांगेत असतात.

डिस्चार्जच्या दिवशी विम्याची मंजुरी येईपर्यंत दुपार उलटते. ती वेळ वाया घालवू नका. सिस्टरला समोर बसवून एकदा पाजून दाखवा, बाळाचं वजन करून मागा. जन्माच्या वजनातून सातेक टक्के उतरणं नेहमीचं, दहाच्या वर गेलं तर घरी निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. घरी लंगोट मोजा: पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त, आणि काळी शी तोवर पिवळी झालेली हवी. बाळ सुस्त आहे, पाजायला उठतच नाही, अंग पिवळं दिसतंय, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. निघताना नंबर घ्याल तो वॉर्डाचा घ्या. रिसेप्शनवाले फक्त अपॉइंटमेंट देतात.