पावसाचा ओढा आणि पंपाचा ओढा

मुलुंड, मे महिन्यातला शेवटचा रविवार

घरामागच्या उतारावर लहानसा ओढा काढून त्याला दोन-तीन ठिकाणी धबधबे करावेत, हा बेत वहीत आता बराच पुढे गेला आहे. आज मिस्त्रींनी पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेतली. मागच्या भिंतीपासून खालच्या चिकूच्या झाडापर्यंत 9 मीटर अंतरात जमीन 1.8 मीटर उतरते. एवढा उतार धबधब्यांना भरपूर आहे. विचार करायला लावतो तो पाऊस.

ज्या शहरात 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तिथे उतारावरचे मातकट पाणी बागेतल्या ओढ्यात येऊ दिले तर पहिल्या मोठ्या सरीतच तो गाळाने भरेल. म्हणून सर्वांत वर एक आडवा चर खणून पावसाच्या पाण्याला वेगळी वाट द्यायची आणि पंपाचा ओढा, म्हणजे खाली आलेले पाणी पंपाने पुन्हा वर चढवून वाहता ठेवलेला ओढा, त्यापासून अलग ठेवायचा, हे आधी ठरवले. कान्हेरीला कातळात खोदलेल्या पन्हळी पावसाचे पाणी लेण्यांशेजारच्या पोढ्यांत, म्हणजे कातळातल्या टाक्यांत, कशा नेतात, हे पाहिलेल्या माणसाला पाण्याची वाट आधी आणि शोभा नंतर, हा क्रम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ओढ्याची प्रत्येक पायरी सपाट ठेवावी, म्हणजे पंप बंद असतानाही तिच्यात थोडे पाणी राहते, असा सर्वसाधारण सल्ला असतो. मुंबईत मात्र तो मला जसाच्या तसा घेववत नाही. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, आणि महापालिकेचे कीटकनाशक खाते तपासणीला येते ते उगाच नव्हे. गप्पी मासे सोडता येतील, पण उथळ पायऱ्यांत ते वैशाखातल्या उन्हात किती तग धरतील? त्यामुळे पायऱ्यांना किंचित उतार द्यायचा आणि खाली उघडे तळे न करता अस्तर घातलेला खड्डा गोट्यांनी भरून पाणी त्यांच्या पोकळीत साठवायचे.

याची किंमत अर्थात खड्ड्याच्या आकारात मोजावी लागते. ओढा सरासरी 45 सेंटिमीटर रुंद आणि पाणी 5 सेंटिमीटर खोल धरले, तर पंप चालू असताना सुमारे 200 लिटर पाणी वाटेत असते आणि पंप थांबताच ते सगळे खाली येते. खड्ड्यात याच्या तिप्पट, म्हणजे 600 लिटर पाणी मावावे असे मी धरले आहे. गोट्यांमधली पोकळी साधारण 40 टक्के असल्याने खड्डा 1.5 घनमीटरचा लागेल. हा आकडा ऐकून मिस्त्री म्हणाले, ‘‘ताई, ही तर टाकीच झाली.’’ झालीच आहे.

त्यांचा ओढा अर्थातच सिमेंट-काँक्रीटकडे आहे. पण वरचा अर्धा उतार भरावाचा आहे. पावसाळ्यात भराव बसला की काँक्रीटला तडा जातो आणि ती गळती शोधणे फार कठीण असते. शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद स्वस्त असला तरी वळणांवर ताठ राहतो, म्हणून रबराचे ईपीडीएम अस्तर घ्यावे, या मतावर मी ठाम आहे. दगडांमागच्या फटी मात्र फोमने बुजवाव्याच लागतील, नाहीतर पाणी दगडावरून पडण्याऐवजी त्याच्याखालून निघून जाते आणि धबधबा नावापुरता उरतो.

धबधब्याच्या ओठाच्या, म्हणजे पाणी जिथून खाली पडते त्या कडेच्या, दर सेंटिमीटर रुंदीला ताशी सुमारे 150 लिटर पाणी धरायचे, म्हणजे 30 सेंटिमीटरच्या ओठाला 4,500 लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. आपल्याला हा प्रवाह 2 मीटर उंचीवर हवा आहे आणि नळीतल्या घर्षणाचे नुकसान वेगळे. पंपाच्या विजेच्या जोडणीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच, यात काटकसर नको.

मुंबईत मॉन्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून आहे, तेव्हा मोठे खोदकाम दसऱ्यानंतरच. तोवर फक्त वरचा चर पुरा करायचा. पावसाचे पाणी त्याला कुठे जुमानत नाही, हे दिसले की ओढ्याची वाट आखणाऱ्या खुंट्या त्याप्रमाणे हलवता येतील. मिस्त्री गुरुवारी दोन माणसे घेऊन येणार आहेत.