तळ्यात सोडण्याआधी: नव्या कोई माशांच्या विलगीकरणाचा माझा अनुभव

नवे कोई मासे (शोभेचे रंगीत कार्प) घेताना विक्रेत्याने ते तपासलेले असून त्यांना औषधही दिलेले आहे, असे आवर्जून सांगितले होते. त्याच्या बोलण्यावर शंका घेण्याचे मला कारण नव्हते. तरीही ते मासे थेट तळ्यात सोडण्याचा विचार मी केला नाही. अंगावर थोडेफार परजीवी असलेला मासा बहुतेक वेळा अगदी निरोगी दिसतो, आणि प्रवासाच्या ताणाने त्याची प्रतिकारशक्ती खालावली की तेच परजीवी झपाट्याने वाढतात. म्हणून स्वतंत्र टाकी, स्वतंत्र फिल्टर, स्वतंत्र जाळे आणि स्वतंत्र बादली अशी सगळी व्यवस्था मासे येण्याआधीच लावून ठेवली. फिल्टरमधील माध्यम (ज्यावर उपयोगी जिवाणू वाढतात तो भराव) तळ्याच्या फिल्टरमध्ये आधी मुरवून घेतले होते, कारण कोऱ्या फिल्टरच्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट चढतात आणि मग मासा रोगाने मलूल झाला आहे की पाण्याने, हे सांगता येत नाही. तळ्याच्या फिल्टरमधून माध्यम उचलण्यात धोका नव्हता. धोका उलट दिशेने, म्हणजे विलगीकरणाच्या टाकीतून तळ्याकडे, काही जाण्यात असतो. टाकीवर घट्ट ताणलेली जाळीही हवीच, कारण नव्या जागी कोई हमखास उडी मारतात.

सर्वांत जास्त वेळ मी पाण्याचे नेमके आकारमान काढण्यात घालवला आणि तो सत्कारणी लागला, असे माझे मत आहे. औषधाची प्रत्येक मात्रा लिटरवर ठरते. अंदाज चुकला तर एक तर परजीवी वाचतात किंवा मासा मरतो. लांबी, रुंदी आणि खोली यांच्या गुणाकाराने टाकी १००० लिटरची निघत होती, पण फिल्टर आणि नळ्यांमधील पाणी त्यात धरलेले नव्हते. म्हणून पंप चालू ठेवून, आयोडीन आणि इतर मिश्रणे नसलेले ३ किलो मीठ विरघळवले आणि ते पूर्ण मिसळल्यावर क्षारमापकावर वाचन घेतले. क्षारता ०.२५ टक्क्यांनी वाढली होती, म्हणजे एकूण पाणी सुमारे १२०० लिटर होते. त्यानंतर बहुतेक खारे पाणी बदलून क्लोरीन काढलेले ताजे पाणी भरले, कारण मीठ हासुद्धा उपचारच आहे आणि निदानाआधी कोणताही उपचार मला नको होता.

आल्या दिवशीच सरसकट औषध देण्याची पद्धत अनेकांना सोयीची वाटते. मला ती पटत नाही. थकलेल्या माशावर कारणाशिवाय रसायन ओतण्यापेक्षा तो स्थिरावेपर्यंत पाहत राहणे अधिक उपयोगाचे ठरते. माझ्या माशांपैकी एक अधूनमधून अंग भिंतीला घासत होता आणि दुसरा पर मिटून हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडाजवळ थांबून राहत होता. ही लक्षणे परजीवींची असू शकतात, तशीच ती खराब पाण्याचीही असतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच मी सूक्ष्मदर्शक बाहेर काढला.

मासा ओल्या, उथळ तबकात घेऊन त्याचे डोळे ओल्या मऊ कापडाने झाकले की तो बराच शांत राहतो. छातीच्या पराच्या मागून, डोक्याकडून शेपटीच्या दिशेने, काचपट्टीची कड तिरकी धरून हलकेच ओढली. उलट दिशेने ओढल्यास खवले उचकटतात. कडेवर करड्या, अर्धपारदर्शक श्लेष्म्याचा छोटा गोळा आला. त्यावर टाकीतल्याच पाण्याचा थेंब टाकला, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनने परजीवी मरतात आणि मेलेले परजीवी नवख्या डोळ्याला ओळखू येत नाहीत. ४० पट वर्धनाखाली चपट्या कृमी लगेच दिसल्या. एकीच्या पोटात पूर्ण वाढलेले पिल्लू होते आणि त्याचे आकडे (पकड घेण्याचे हुक) आईच्या शरीरातून स्पष्ट दिसत होते. ही पिल्ले घालणारी, त्वचेवरची गायरोडॅक्टिलस. कल्ल्याच्या झाकणाच्या कडेशी घेतलेल्या नमुन्यात डोक्यावर चार काळे ठिपके असलेली कृमी सापडली. ती अंडी घालणारी, कल्ल्यांवरची डॅक्टिलोगायरस. शिवाय १०० पट वर्धनाखाली आकड्यांचे वर्तुळ असलेले, स्वतःभोवती गरगरत सरकणारे बशीच्या आकाराचे ट्रायकोडिना हे एकपेशीय परजीवीही होते. कॉस्टिया हा दुसरा एकपेशीय परजीवी मात्र इतका सूक्ष्म असतो की त्याच्यासाठी ४०० पट वर्धनाखालीही चिकाटीने शोधावे लागते. माझ्या नमुन्यांत तो आढळला नाही.

ट्रायकोडिनासाठी मी पोटॅशियम परमँगनेट निवडले. हे रसायन फिल्टरमधील उपयोगी जिवाणूंनाही मारते, म्हणून फिल्टर वेगळा काढून त्याचे पाणी स्वतंत्रपणे फिरते ठेवले आणि मात्रा १२०० नव्हे, फक्त टाकीच्या १००० लिटरवर काढली: २ ग्रॅम, पूर्ण विरघळवून. हवेचा पंप पूर्ण वेगाने चालू होता. पाणी गुलाबी असेपर्यंत औषध काम करत असते आणि तपकिरी झाले की ते खर्ची पडलेले असते. मी सुमारे चार तास टाकीजवळून हललो नाही; मासे अस्वस्थ झालेच तर गुलाबी रंग तत्काळ उतरवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड हाताशी ठेवले होते. परमँगनेट आणि फॉर्मलीन (परजीवींवर वापरले जाणारे दुसरे रसायन) कधीही एकत्र वापरू नयेत, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

पाणी बदलून माशांना विश्रांती दिल्यावर कृमींसाठी प्राझिक्वांटेल दिले. या वेळी फिल्टर चालू होता, म्हणून मात्रा १२०० लिटरवर धरली: दर हजार लिटरला अडीच ग्रॅमप्रमाणे ३ ग्रॅम. ही पूड पाण्यात सहजी विरघळत नाही. बाटलीत थोड्या पाण्याबरोबर जोरजोरात हलवून ती टाकीभर पसरवावी लागते. अतिनील दिवा बंद ठेवला आणि फिल्टरमधील कोळसा काढून घेतला. खरी मेख पुढेच आहे: औषधाने कृमी मरतात, पण डॅक्टिलोगायरसची अंडी मरत नाहीत. कोमट पाण्यात ती काही दिवसांत फुटतात, थंड पाण्यात फार उशिरा. म्हणून २४ अंश सेल्सियसला मी सुमारे आठवड्याने दुसरी मात्रा दिली आणि त्यानंतर पुन्हा नमुने तपासले. पहिल्या मात्रेनंतर मासे टवटवीत दिसतात आणि बरेच जण तिथेच थांबतात.

तापमान २३-२४ अंशांवर राखण्यामागे आणखी एक हेतू होता. १९९८ मध्ये प्रथम ओळखला गेलेला कोई हर्पीस विषाणू साधारण १६ ते २८ अंशांच्या दरम्यान रोग घडवतो. गार पाण्यात लागण झालेला मासाही ठणठणीत दिसू शकतो. त्यावर औषध नाही आणि वाचलेला मासा वाहक राहू शकतो. म्हणून विलगीकरणाचे चार आठवडे मी मासे आल्या दिवसापासून न मोजता शेवटच्या औषधापासून मोजले. त्यातल्या उत्तरार्धात तळ्यातील एक मासा नव्यांच्या सोबतीला ठेवला. एका जुन्या, धडधाकट माशाला जाणूनबुजून धोक्यात घालणे मनाला लागते, पण नव्यांपासून जुन्यांना काही लागण होते का, याची चाचणी तळ्यात घेण्यापेक्षा टाकीत घेणे परवडते. तो खात होता, पर उघडून फिरत होता; तरीही वाहकाची शक्यता यातून पूर्ण मिटत नाही, आणि ज्यांच्या तळ्यात मोलाचे मासे आहेत त्यांनी पीसीआर तपासणीही करून घ्यावी.

शेवटच्या तपासणीत प्रत्येक माशाचे नमुने स्वच्छ आल्यावर टाकी आणि तळे यांचे तापमान व सामू (पीएच) जुळवून घेतले आणि मासे तळ्यात सोडले. टाकीचे पाणी तळ्यात जाऊ दिले नाही. जाळे, बादली आणि नळ्या निर्जंतुक करून उन्हात पूर्ण सुकवल्या.