आमची वाटचाल : एका अनुस्वाराचा बोर्ड

दुकानाचे बोर्ड बनवणाऱ्याला एकच भीती असते. दिवा विझला की फोन येतो. आमची सुरुवातीची सगळी वर्षं या भीतीतच गेली. आधी फ्लेक्स, मग अ‍ॅक्रिलिकची अक्षरं, मग आतून उजळणारे एलईडी बोर्ड. दोघांचं काम सात जणांचं झालं. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही.

मग एक नेपथ्यकार रेखाटन घेऊन आले. जुनाट लॉजचा बोर्ड, १६ फूट लांब, ४ फूट उंच, अक्षरांत बल्ब : ‘विश्रांती’. दुसऱ्या अंकात त्यावरचा अनुस्वार लुकलुकायला लागतो आणि नायिकेच्या एका वाक्यावर कायमचा जातो.

“म्हणजे बिघडलेला बोर्ड द्यायचा?” मी विचारलं.

“वेळेवर बिघडणारा,” ते म्हणाले.

निऑनचा विचार पहिल्याच दिवशी सोडला. काचेच्या नळ्या, काही हजार व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि प्रत्येक प्रयोगाला ट्रकचा प्रवास. जुन्या पद्धतीचे २५ वॉटचे १२० बल्ब लावले असते तर तीन किलोवॉट झाले असते, आणि खाली उभ्या नटांना त्याची धग सोसावी लागली असती. म्हणून एलईडी बल्ब घेतले. बाकी सगळं दुकानाच्या सवयीनं केलं : लोखंडी चौकट आणि पुढून चकचकीत पत्रा. तिथेच फसलो.

रंगीत तालमीत ब्लॅकआउट झाला. सगळा रंगमंच काळोखात, आणि आमचा बोर्ड मंद उजळलेला! प्रकाशयोजनाकार अंधारातूनच म्हणाले, “बोर्ड झोपत नाही का हो तुमचा?” उजेड कमी-जास्त करणारा डिमर पूर्ण खाली आणला तरी त्यातून विजेची थोडी गळती चालूच राहते. आतली तार तापून उजळणाऱ्या जुन्या बल्बला ती जाणवतही नाही, एलईडीला मात्र तेवढीही पुरते. त्या रात्री विंगेत, पडद्यापासून लांब, एक साधा ६० वॉटचा बल्ब जाळीच्या आड त्याच लाइनवर जोडला. गळतीचा प्रवाह त्यानं घेतला आणि आमचे दिवे विझले. त्या एका बल्बपायी आम्ही चौघं विंगेत घामाघूम झालो होतो.

नंतर बोर्ड पुन्हा नव्यानं बांधला. लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियम, चकचकीत पत्र्याऐवजी मॅट काळा रंग, कारण स्पॉटलाइट पडला की पत्रा आरसा व्हायचा. २४ व्होल्टचे दिवे घेतले. १२ व्होल्टवर तेवढ्याच उजेडाला दुप्पट करंट लागतो आणि तारेच्या टोकाचे दिवे पिवळट पडतात. वीजपुरवठ्याचा डबा बिनपंख्याचा घेतला. दुकानात पंख्याची घरघर कोणाच्या कानावर येत नाही, शांत प्रवेशात ती तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते. टांगायच्या दोन तारांशिवाय सुरक्षेची तार वेगळी. याबाबत मी कोणाचंही ऐकत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो विझण्यानं. तारेचा बल्ब आधी तांबूस होतो, मग जातो. एलईडी टपकन जातो. शिवाय मंद करताना शेवटच्या टप्प्यात त्याच्या पायऱ्या दिसतात, कारण रंगमंचावरच्या दिव्यांना हुकूम पाठवणाऱ्या डीएमएक्स पद्धतीत साध्या चॅनलवर ० ते २५५ एवढ्याच पातळ्या असतात. ते हुकूम वाचणारा १६ बिटचा डीकोडर लावून दोन चॅनल एकत्र केले, म्हणजे पायऱ्या बारीक झाल्या, पांढऱ्यासोबत तांबूस दिवे मिसळले, तेव्हा कुठे ते विझणं पाहवलं.

शिरोरेषेनं मात्र साथ दिली. सगळ्या तारा तिच्यातून नेल्या. बोर्डाचे तीन तुकडे होतात, ‘वि’, ‘श्रां’ आणि ‘ती’, आणि सांधा फक्त शिरोरेषेत दिसतो. त्या सांध्यावर नेमका एक बल्ब बसवला. उजेडाकडे बघणाऱ्याला फट दिसत नाही.

आज आमच्याकडे निम्मं काम नाटकांचं आहे. तो बोर्ड अजून दौऱ्यावर असतो, मधूनमधून दुरुस्तीला येतो. गेल्या खेपेला कारखान्यात नवा मुलगा होता. चाचणीत टिंब सारखं जातं हे पाहून त्यानं प्रामाणिकपणे त्याची तार ‘श्र’च्या तारेला जोडून दिली. प्रयोगात नायिका “गेलं एकदाचं!” म्हणाली आणि वर अनुस्वार लखलखत राहिला. प्रेक्षकांना तो विनोद वाटला.

आता त्या तारेवर चिकटपट्टी आहे : ‘बिघाड नाही. हात लावू नये.’