तीन खांब, चोवीस कळ्या

होळीच्या आधीचं होळाष्टक लागलं की आमच्या धंद्याला आठ दिवस उसंत मिळते. लग्नं बंद, त्यामुळे मंडपाचा माल मोजायचा, फाटक्या कनाती शिवायला टाकायच्या, वाकलेले पाइप सरळ करायचे. ११ मार्च २०२५ च्या संध्याकाळी मी गोडाउनमध्ये हेच करत होतो, तेव्हा फोनवर ते चित्र आलं. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबच्या नव्या स्टेडियमचा प्रस्तावित आराखडा. एक लाख प्रेक्षकांची सोय, तीन उंच खांब, आणि त्या खांबांवरून खाली उतरत आलेलं भलंमोठं छत. आराखडा नॉर्मन फॉस्टर यांच्या कंपनीचा. लंडनचं नवं वेम्बली स्टेडियमही त्यांचंच, आणि ते स्वतः मँचेस्टरमध्ये वाढलेले.

बडोद्यात आमचा युनायटेडवाल्यांचा लहानसा ग्रुप आहे. बहुतेक दांडिया बाजार आणि राजमहाल रोडचे. मी त्यात आलो तो १९९९ पासून. २६ मे ची ती चॅम्पियन्स लीग फायनलची रात्र, आपल्याकडे दोन वाजून गेलेले, शेजारच्या काकांच्या टीव्हीसमोर आम्ही पाच मुलं. नव्वद मिनिटं संपली तरी बायर्न म्युनिक १-० ने पुढे. मग शेरिंगहॅमचा गोल, मग सोल्शारचा. त्या रात्री जे जडलं ते सुटलं नाही. संघ २०२४-२५ च्या हंगामात पंधराव्या नंबरवर घसरला तेव्हाही नाही.

तर ग्रुपवर पाच मिनिटांत गदारोळ. 'सर्कशीचा तंबू' हा शब्द सगळ्यांत आधी आला. इंग्लंडमधले चाहतेही तेव्हा हेच म्हणत होते. एकाने लिहिलं, 'हे तर तुझ्या गोडाउनमधून नेलंय.' माझ्या मोठ्या भावाने लिहिलं की दोन अब्ज पौंड, म्हणजे आपले वीस हजार कोटींच्या वर, खर्च करायला आहेत आणि तिकडे कर्मचाऱ्यांना कामावरून काढतायत. भावाचं म्हणणं मला पटलं. तंबूचं मात्र लागलं. ज्या शब्दाने ते आराखड्याला हिणवत होते, त्या तंबूवर आमचं घर तीन पिढ्या चाललंय.

मी चित्र मोठं करून बघत बसलो. मंडपवाल्याची नजर छताच्या रूपावर टिकत नाही, ती पाणी शोधते. बारा वर्षांपूर्वी एका लग्नात अवकाळी पाऊस आला आणि पंगतीवरच्या ताडपत्रीत पाणी साठलं. कापडाला झोळ पडला की त्यात आणखी पाणी येतं, पाण्याच्या वजनाने झोळ वाढतो, मग आणखी पाणी. ते छत बसलं तेव्हा खाली माणसं नव्हती, ही देवाची कृपा. तेव्हापासून कुठलंही छत बघितलं की मी आधी विचारतो, पाणी कुठून जाणार? मे २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या मॅचनंतर ओल्ड ट्रॅफर्डच्या, म्हणजे युनायटेडच्या जुन्या मैदानाच्या, छतातून धबधब्यासारखं पाणी कोसळताना सगळ्या जगाने बघितलं. आमच्या ग्रुपवरही तो व्हिडिओ आला होता. त्यामुळे नवं छत ऊन आणि पाऊस दोन्ही गोळा करणार असं वाचलं, तेव्हा ठरवलं की आधी हे समजून घ्यायचं आणि मग मत द्यायचं. समजून घ्यायची माझी रीत एकच, करून बघायचं.

गणपती २७ ऑगस्टला बसणार होते. जुलैत मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला की या वर्षी देखाव्यात हे स्टेडियम करू. अध्यक्ष काकांनी लगेच नाही म्हटलं. "बाप्पासमोर गोऱ्यांचं मैदान कशाला? केदारनाथ करा, लोक दोन मिनिटं हात जोडून उभे राहतात." त्यात चूक काही नव्हती. मी म्हटलं, "काका, मखर तुम्ही म्हणाल तेच. मला उजव्या हाताला आठ बाय आठ फुटांचा चौथरा द्या. वर्गणीतला एक रुपया नको, खर्च माझा." दुसऱ्या बैठकीतही नाहीच. तिसऱ्या बैठकीत आमच्या सेक्रेटरी वहिनींनी विचारलं, "भाऊजी, ते छत पावसाचं पाणी साठवणार म्हणता ना? मग तोच विषय ठेवा. पाणी आपल्याला कळतं."

बैठक एकदम शांत झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री शहरात शिरली होती. आमच्यातल्या कितीतरी जणांच्या तळमजल्याच्या भिंतींवर अजून त्याची रेघ आहे. काका म्हणाले, "कर. पण नीट कर."

माप मी दोनशेला एक असं धरलं. मूळ आराखड्यातला सर्वांत उंच खांब २०० मीटरचा, म्हणजे माझ्याकडे एक मीटर. ही उंची नुसती सांगून कळत नाही, म्हणून शेजारी त्याच मापाचा स्टॅच्यू ऑफ युनिटी पुठ्ठ्यात कापून उभा केला. केवडियाचा पुतळा १८२ मीटर, माझ्याकडे ९१ सेंटिमीटर. बडोद्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने तो पुतळा खाली उभं राहून, मान मोडेपर्यंत वर बघितलेला आहे. हा खांब त्याच्याहूनही उंच आहे हे दिसल्यावर लोक गप्प व्हायचे. हे खांब चाळीस किलोमीटरवरून दिसतील असं सांगितलं गेलंय. आपल्याकडे आणंदच्या पलीकडून बडोद्याचा मांडवी दरवाजा दिसावा तसं.

खांब अॅल्युमिनियमच्या पाइपचे केले, ते सोपं होतं. कापडाने मात्र तीन आठवडे घेतले.

पहिल्यांदा ताडपत्रीचा एकच तुकडा तिन्ही खांबांवर टाकला आणि कडा ओढून खिळल्या. दिसायला थेट चित्रासारखं. नळी लावली तर दोन मिनिटांत मधोमध वाटीएवढा झोळ, मग परातीएवढा, आणि एक खांब आत वाकला. मग लायक्रा आणला, हल्ली रिसेप्शनच्या मंडपात लावतात तो. ताणला की आकार देखणा येतो, पण भिजल्यावर ढिला पडतो आणि पाणी खाली गळतं. शेवटी मंगळ बाजारातून छत्रीचं काळं कापड घेतलं. ते गळत नाही, पण ताणतही नाही, त्यामुळे जिथे तिथे चुण्या.

आई हे सगळं ओट्यावरून बघत होती. ती आयुष्यभर शिवणकाम करत आली आहे. चौथ्या दिवशी उठून आली, चुणी चिमटीत धरली आणि म्हणाली, "घेरदार परकराला कळ्या लागतात. तू चादर नेसवतोयस त्याला."

त्या एका वाक्याने काम मार्गाला लागलं. प्रत्येक खांबाभोवती आठ कळ्या, वर निमुळत्या, खाली रुंद. तीन खांबांच्या मिळून चोवीस. मी कडा सरळ कापायला निघालो तर आईने कात्री धरली. "कड आत घे. सरळ कापलीस तर शंकू होईल, टोपीसारखा. तुला कमरेत बसलेला परकर हवाय." कडा आत वळवून शिवल्यावर कापडाला दोन उलट वळणं आली. खांबाकडे जाताना वर चढणारं, आणि आडवं बघितलं तर पोटात घेतलेलं. एका दिशेचा ताण दुसऱ्या दिशेच्या ताणाला धरून ठेवतो, मग झोळ पडायला जागाच राहत नाही. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिक स्टेडियमचं ताणलेलं छत याच दुहेरी वळणावर उभं आहे. तिथे पोलादी दोरांची जाळी होती, आमच्याकडे आईचं शिवणयंत्र. कडेला आईने नेफा शिवला, नाडीसाठी शिवतात तसाच, आणि त्यात मी वायर ओवली. वायर ओढली की सगळी कड तबल्याच्या पुडीसारखी ताठ.

एका रात्री माझ्या मुलाने मागचा एक तणावा, म्हणजे खांबाला ओढून धरणारा दोर, सैल केला, सहज, काय होतं बघायला. तिन्ही खांब एकत्र कलंडले. मी रागावलो नाही, उलट त्यालाच जवळ बसवून दाखवलं की खांब खांबाने उभा राहत नाही, तणाव्याने राहतो. एक मीटरच्या खांबाला इतका ओढा, तर दोनशे मीटरच्या खांबाला पाया केवढा लागेल, याचा विचार त्या रात्री मी बराच वेळ करत होतो.

आणखी एक गोष्ट वाचून मला आतून भरून आलं. हे स्टेडियम जागेवर विटेवर वीट रचून करायचं नाही, १६० मोठे भाग आधी बाहेर तयार करून मँचेस्टरच्या जहाजी कालव्यातून आणून जोडायचे, म्हणजे दहाऐवजी पाच वर्षांत होईल, असा विचार मांडला गेलाय. तो कालवा १८९४ चा. गोडाउनमध्ये कापायचं, आकडे टाकायचे, टेंपोत भरायचं आणि जागेवर फक्त जोडायचं, हे आमचे आजोबा करत होते. तंबू म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचं होतं.

नव्याच्या शेजारी मी जुनं ओल्ड ट्रॅफर्डही केलं, लहान आणि साधं. ते १९१० पासूनचं, आज सुमारे चौऱ्याहत्तर हजारांचं. त्याच्या दक्षिणेच्या स्टँडमागे रेल्वे लाइन दाखवली.

गणपती बसले आणि लोक यायला लागले. ग्रुपमधले पहिल्याच रात्री हजर. 'सर्कस'वाला बराच वेळ चौथऱ्याभोवती फिरला. मग म्हणाला, "अजून आवडत नाही रे. जुन्या मैदानात स्ट्रेटफर्ड एंडच्या स्टँडचा आवाज खाली, माणसांच्या अंगावर येतो. इतक्या वर छत नेलं तर आवाज कुठे जाईल?" हा खरा प्रश्न होता. मी मंडपातल्या स्पीकरांबद्दल जे जाणतो त्यावरून मला वाटतं की प्रेक्षकांच्या डोक्यावरचा भाग किती खाली आणि किती टणक ठेवतात, यावर ते ठरेल. त्याला मी तेवढंच सांगितलं.

अहमदाबादच्या मोटेरा क्रिकेट स्टेडियमची सवय असलेल्यांना लाखाचं कौतुक नव्हतं, तिथे एक लाख बत्तीस हजार बसतात. त्यांचे प्रश्न बाहेर पडण्याचे होते. लंडनच्या ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या दुप्पट मोकळी जागा याच छताखाली असेल, ही गोष्ट त्यांना सगळ्यांत आवडली. लेस्टरला मुलगा असलेल्या एक काकू म्हणाल्या, "थंडीत, पावसात तो तासभर रांगेत उभा होता. डोक्यावर छप्पर असेल तर बरंच आहे." एका कॉलेजच्या मुलाने तिकिटाचं विचारलं. २०२४-२५ च्या हंगामाच्या मध्यात क्लबने सदस्यांसाठी उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंडांना केली होती, मुलांना आणि वृद्धांनाही सवलत नाही. म्हणजे साडेसात हजार रुपये. तो म्हणाला, "दादा, मग छत कोणासाठी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. आराखड्याबद्दल माझी खरी तक्रार असेल तर ती हीच. खांब, रंग, आकार सगळं मान्य, पण मँचेस्टरच्या कामगाराच्या पोराला त्याखाली बसता आलं पाहिजे.

तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतले रेल्वेतून निवृत्त झालेले काका आले. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी प्रतापनगरच्या मैदानावर फुटबॉल खेळलेले. त्यांनी आधी रेल्वे लाइनवर बोट ठेवलं. "ही आहे म्हणून हा स्टँड मागे वाढवता येत नाही. बरोबर?" मी हो म्हटलं. "आणि नव्याला जागा?" मी पश्चिमेचं मालगाड्यांचं टर्मिनल दाखवलं. ती जमीन मिळवणं हा वेगळाच झगडा आहे. काका हसले, रेल्वेची जमीन म्हणजे काय ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

मग ते जुन्या मैदानाच्या कोपऱ्याकडे वाकले. तिथे मी, खऱ्या मैदानावर आहे तसं, पुठ्ठ्याचं एक घड्याळ लावलं होतं, वर ६ फेब्रुवारी १९५८, खाली म्युनिक. त्या दिवशी म्युनिकच्या विमानतळावर बर्फात विमान कोसळलं आणि तेवीस माणसं गेली, त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू. काकांनी विचारलं, "हे नव्यात कुठे लावलंस?"

मी लावलंच नव्हतं. तीन आठवडे कापड, तणावे आणि पाणी यांत घालवले आणि घड्याळाला जागा ठेवली नव्हती. काका काही बोलले नाहीत. मी घरात गेलो, पुठ्ठा आणला आणि तिथेच बसून दुसरं घड्याळ कापलं. तारीख काकांनी स्वतःच्या हाताने लिहिली. मधल्या खांबाच्या बुंध्याशी, येणाऱ्या प्रत्येकाला आधी दिसेल असं ते लावलं.

चौथ्या दिवशी दुपारी पाऊस आला, जोराचा. चौथरा अर्धा मंडपाबाहेर होता, तो आत ओढायला मुलं धावली. मी त्यांना थांबवलं. पाणी कळ्यांवरून उतरलं, दोन खांबांमधल्या घळीत आलं, घळीतून कडेला, तिथून पन्हळीत आणि पन्हळीतून खाली ठेवलेल्या घागरीत. अध्यक्ष काका छत्री घेऊन उभे होते. घागर भरून वाहायला लागली तेव्हा त्यांनी ती स्वतः उचलली आणि त्या पाण्याने मंडपाच्या दारातली तुळस शिंपली. संध्याकाळच्या आरतीला त्यांनी माझ्या आईला पुढे बोलावलं.

अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला, बाप्पा निघाल्यावर आम्ही सगळं उतरवलं. खांब गोडाउनमध्ये गेले, घड्याळ रेल्वेवाले काका घेऊन गेले. कापड धुवून, कळ्यांवर खडूने आकडे घालून घडी केलंय. फक्त एका जागी, जिथे तीन कळ्यांची टोकं एकत्र येतात, त्या पावसात थेंब थेंब गळत होतं. आईच्या ते लक्षात आहे. दिवाळी झाली की तेवढी शिवण उसवून परत घालू, असं ती म्हणते.