टाच टेकल्याचा आवाज

गुरुवार, रात्र

दुपारी जिन्यात खालच्या काकू भेटल्या. हातात भाजीची पिशवी, एका पायरीला एक श्वास अशा चढत होत्या. पिशवी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे. आधी मला सांग, रात्री तीनला तुझ्याकडे चालतं कोण गं?"

मला पटकन काही सुचेना. म्हटलं, "मीच. पायात गोळा येतो."

"तरीच. आधी धप्प, मग फरफटत खिडकीपर्यंत, मग परत. म्हटलं घरात कुणाला काही झालं की काय."

"तुमची झोपमोड होते का हो?"

"छे गं. मी जागीच असते."

एवढंच बोलणं. त्या त्यांच्या दारात वळल्या, मी वर आले, कुकर लावला. आणि तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

बोचलं ते नेमकं काय? आवाज होतो याची लाज? थोडी वाटली. पण डोंबिवलीतल्या ह्या जुन्या बिल्डिंगीत खाली मिरचीची फोडणी बसली की वर आम्हाला शिंका येतात, तिथे पावलं ऐकू जायचीच. ते नाही. सात-आठ महिने मी समजत होते की हे माझं एकटीचं आहे. पांघरुणाचं टोक दातात धरून ओरडणं गिळायचं, दिवा लावायचा नाही, पलंग करकरू नये म्हणून कडेला सरकत सरकत उतरायचं. इतका बंदोबस्त करून खालच्या मजल्यावर माझ्या रात्रीचा सगळा हिशेब पोचत होता. धप्प, फरफट, खिडकी, परत. अगदी बरोबर सांगितलं त्यांनी.

आणि हातभर अंतरावर झोपलेल्या माणसाला पत्ता नाही.

हो, बोचलं ते हे.

ज्याला गोळा आलेला नाही त्याला सांगून कळणार नाही. झोपेत पाय ताणला जातो, चवडा खाली जातो आणि पोटरीतलं मांस ओलं धुणं पिळावं तसं आतल्या आत पिळतं. हात लावावा तर दगड. दीड-दोन मिनिटांचा खेळ असतो म्हणे. असेल. माहेरी साताऱ्याकडे ह्याला वांब म्हणतात, सासरी पेटका. आजी पाय चोळत म्हणायची, "वांब आलं गं बाई," आणि आम्हा पोरांना वाटायचं म्हातारपणी हे असंच असतं. पोटात गोळा येतो तो भीतीचा, कारण टळलं की जातो. पोटरीतला जाताना दुखरी जागा ठेवून जातो, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तिची आठवण होते.

जेवताना ह्यांना सांगितलं, काकू असं असं म्हणाल्या. हे म्हणाले, "मग मला उठवायचंस ना."

ह्यावर मी काही बोलले नाही. तुम्ही जागे नाही झालात ही तक्रार होती. उठवायला तर कुणालाही येतं.

शुक्रवार

आला. तीन वाजून दहा मिनिटं.

काकूंची आठवण होऊन काल चवड्यांवर चालले. अलगद, चोरासारखी. दुसऱ्या पावलाला गोळा दुप्पट आवळला आणि मी कपाट धरून उभी राहिले. आता दिवसाउजेडी विचार करते तर हसू येतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं की चवडा खाली गेला की पोटरीचा स्नायू आखूड होतो. आधीच आखूड असलेला स्नायू आणखी आकसायला गेला की गाठ पडते. म्हणून जाड पांघरुणाच्या ओझ्याने पावलं खाली दाबली गेली किंवा पालथं झोपलं की ह्याला आमंत्रण. आणि सोडवायचं म्हणजे बरोबर उलटं करायचं. गुडघा सरळ, पायाची बोटं नडगीकडे ओढायची. गुडघा का सरळ, तर ह्या स्नायूचं वरचं टोक गुडघ्याच्याही वर मांडीच्या हाडाला अडकलेलं असतं. गुडघा वाकला की तो सैलच राहतो, ताण बसत नाही. उभं राहता आलं तर सगळ्यात बरं, पाऊल पूर्ण टेकायचं आणि टाचेवर भार द्यायचा.

म्हणजे टाच टेकल्याशिवाय सुटका नाही. आणि टाच टेकली की आवाज होतो. खालच्यांची झोप सांभाळायला चवड्यांवर चालावं तर गोळा सुटत नाही. पन्नाशी उलटेपर्यंत सगळीकडे चवड्यांवरच चालत आले, ऑफिसात काय, सासरी काय. जाऊ दे. तो विषय नको.

डॉक्टरांकडे जाऊन आले आहे, ते एकदा लिहून ठेवते, नाहीतर मनू परत विचारेल. बी-12, डी, थायरॉइड, साखर, क्रिएटिनिन सगळं झालं. पोटॅशियम 4.2, म्हणजे जिथे असायला हवं तिथे. त्यांनी दोनच प्रश्न खोदून विचारले. चालताना पोटरी दुखून थांबल्यावर राहते का? एकच पाय सुजतो, लाल होतो, गरम लागतो का? दोन्ही नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. पहिलं असतं तर रक्तवाहिन्या तपासायच्या, दुसरं असतं तर गुठळीची भीती, त्याच दिवशी धाव घ्यायची. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारा भाग आहे, त्यानेही गोळे येऊ शकतात म्हणाले. पण मनाने बंद करायची नाही असा दम दिला. बाकी कारण? "स्नायूला जाणारी नस उगाच उत्तेजित होते. वयाप्रमाणे होतं." तीस वर्षं डोंबिवली ते सीएसटी उभ्याने गेले, त्याचं काही का, असं मी विचारलं. ते हसले. मला ते कारण फार आवडलं असतं. रेल्वेवर ढकलता आलं असतं.

शनिवार

ह्यांनी काल बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली. "हिच्या पायात रात्री गोळे येतात, उपाय सुचवा." मला उठवायला सांगणारा माणूस स्वतः दिवसाढवळ्या सगळ्या खानदानाला उठवून बसला.

मग दिवसभर उपायांचा पाऊस. केळी. गूळ-शेंगदाणे. झोपताना चादरीखाली साबणाची वडी (कुठल्या कंपनीची, ह्यावर दोन वन्सांत मतभेद). मनूने मॅग्नेशियमच्या कॅप्सूलचा डबा ऑर्डरही करून टाकला. डॉक्टर आधीच म्हणाले होते की आमच्या वयात मॅग्नेशियमने विशेष फरक पडलेला चाचण्यांत दिसत नाही. भाऊजींनी लिहिलं की त्यांच्या वडिलांना क्विनीनची गोळी लागू पडायची. गोळ्यांवर गोळी! पण त्या गोळीने क्वचित रक्तातल्या प्लेटलेट धोकादायक घसरतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ह्या दुखण्यासाठी ती वापरू नका असं बजावलेलं आहे. ते मनूने तिथेच टाकलं. मग भाऊजींचा अंगठाही नाही आला, रामरामही नाही.

धाकट्या वन्संनी फक्त फोटो पाठवला. पायावर चिखल, मागे दिंडी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालून आल्या परवाच, आणि खाली लिहिलं, "मला एकदाही नाही आला हो वहिनी." अभिनंदन.

सगळ्यांवर कडी न्यू जर्सीच्या शुभाची. लोणच्याचं पाणी पी म्हणाली. मला थट्टा वाटली, पण तिने प्रयोग सांगितला. 2010 मध्ये तिकडे तरुण पोरांच्या पायात विजेच्या झटक्यांनी मुद्दाम गोळे आणले आणि लोणच्याचं पाणी पाजलं. सरासरी दीड मिनिटाच्या आत गोळा सुटला, साध्या पाण्यापेक्षा लवकर. इतक्यात ते रक्तात पोचलेलंही नसतं. म्हणून असं मानतात की आंबट-खारट चवीने घशातल्या नसा दचकतात आणि त्या दचक्याने पायातली नस गप्प होते. हे मला फार पटलं. घरातला एक ओरडला की दुसरा गप्प बसतो, तसंच.

फक्त तिचं लोणचं म्हणजे व्हिनेगरातली काकडी. माझ्याकडे लिंबाचं, मोहरी फेसून घातलेलं. रात्री बरणीतला खार चमचाभर घेतला. गोळा सुटला का? सुटला, पण तोवर दोन मिनिटं होऊन गेली होती, म्हणजे आपला आपण सुटायची वेळ झालीच होती. आणि पहाटेपर्यंत छातीत जळजळ. खार झोपेतून उठून खायचा पदार्थ नव्हे.

रविवार, उशिरा

हसावं की रडावं कळत नाही, म्हणून लिहायला बसले.

काल ठरवलं, उठवायचंच ह्यांना. माणूस म्हणतोय ना. गोळा आला, मी दंड हलवला, "अहो, आला." हे खाडकन उठून बसले. इतके पटकन की मला खरंच भरून आलं. "कुठला पाय?" डावा. ह्यांनी दोन्ही हातांनी डावं पाऊल धरलं आणि सगळी ताकद लावून ओढलं.

खाली.

बोटं नडगीकडे न्यायची ती गादीकडे. मी आजवर तोंड दाबून ठेवलेल्या सगळ्या किंकाळ्या एकदम बाहेर पडल्या. समोरच्या बिल्डिंगीतला दिवा लागला. हे घाबरून आणखी ओढायला लागले. शेवटी मी उजव्या पायाने ह्यांना ढकललं, खाली उतरले, टाच टेकवली, भिंतीला हात लावून उभी राहिले. हे पलंगावर तसेच, केस विस्कटलेले, हातात काहीच नाही आणि तळवे मात्र पाऊल धरल्यासारखे.

"चुकलं का काही?"

मग मी गरम पाण्याची पिशवी मागितली. ती भरताना ओटाभर पाणी सांडलं, ते पुसलं मी. पिशवी पोटरीखाली ठेवून हे बराच वेळ पाय चोळत बसले, ह्या वेळी बरोबर, टाचेकडून वर. "इतकं दुखतं?" तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना मला त्यातही बरं वाटत होतं, हे इथेच लिहिते, कुठे सांगणार नाही.

नंतर पाच मिनिटांत हे घोरायला लागले. आणि मी छताकडे बघत पडले तर राग सापडेना. खरं म्हणजे इतके महिने मीच ह्यांना काही ऐकू जाऊ दिलं नाही. ओरडणं गिळायची कला मी शिकले, त्यात पारंगत झाले, आणि मग ऐकू येत नाही म्हणून रुसले. खालच्या काकूंना ऐकू आलं ते फरशीमुळे. फरशीला गप्प बसवायचं मला जमलं नाही, इतकंच.

पण तरी. धप्प आवाजाने माणूस जागा व्हायला नको का?

मंगळवार

झोपण्याआधी ताण देते आहे, नेमाने. हे डॉक्टरांनी सांगितलेलं पहिल्या दिवशीच, आणि मी ऐकून सोडून दिलं होतं, कारण त्यात गोळी नव्हती. नेदरलँड्समध्ये पंचावन्नच्या वरच्या ऐंशी जणांवर करून पाहिलंय म्हणाले: झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणायची, सहा आठवडे. ज्यांनी केलं त्यांचे गोळे कमी झाले. भिंतीवर हात, एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पुढे झुकायचं. पोटरी ताणली जाईपर्यंतच, कळ येईपर्यंत नाही. मी सतराचा पाढा म्हणते. एकदा डावा, एकदा उजवा, असं तीनदा. हे पलंगावरून ऐकतात आणि सतरा नवे मध्ये मला दरवेळी चुकवतात.

पांघरूणही पायाशी खोचायचं सोडलंय. पावलं मोकळी.

गोळा बंद झाला असं नाही. रविवारनंतर एकदाच आला, तोही अर्धवट, आळशासारखा. काल रात्री. मी आधीच पलंगाशेजारी जुनी गोधडी चौपदरी घालून ठेवली होती, काकूंसाठी. तिच्यावर टाच टेकली, भार दिला, जराही आवाज नाही. सुटला. फरफटावंही लागलं नाही. मोठी शहाणी झाल्यासारखी परत येऊन झोपले.

आज सकाळी दूध आणायला उतरले तर काकू दारातच उभ्या.

"काल आला नाही का गं गोळा?"

"आला होता की. तीनलाच."

"मग आवाज कसा नाही?"

मी गोधडीचं सांगितलं. त्या "बरं केलंस" म्हणाल्या. मग दाराची कडी उगाच वरखाली करत म्हणाल्या, "मी आपली वाट बघत बसले. तीन वाजले, सव्वातीन वाजले. म्हटलं, आज वर हालचाल नाही."

मी विचारणार होते, तुम्ही रोज का जाग्या असता. तेवढ्यात दूधवाल्याने हाक मारली.

दुपारी गोधडी धुवायला टाकली. तशी मळलीच होती. आणि हे पावसाळ्याचे दिवस, वाळायला आठवडा तरी लागेल.