निफाडची थंडी आणि पेट स्कॅन

पडद्यावर मानेच्या दोन्ही बाजूंना, कॉलरबोनच्या वर आणि मणक्यांच्या कडेने काळे ठिपके उमटले, तेव्हा मी त्या मुलीची फाइल पुन्हा उघडली. वय 22. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, केमोथेरपी पूर्ण. आजाराची सुरुवातच मुळी मानेतल्या गाठींनी झालेली.

मी नाशिकमध्ये पेट-सीटी विभागात टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेटमध्ये शरीरात साखर कुठे जास्त खपते ते दिसतं, सीटीत अवयवांची रचना. रिपोर्ट देणं माझं काम नाही. पण मशीनच्या खोलीतून बाहेर पडताना चेहऱ्यावर काही दिसू न देणं हा या नोकरीचा न लिहिलेला भाग आहे. काचेपलीकडे तिचे वडील उभे होते, हातात कानटोपी चुरगाळत. त्यांनी विचारलंच, "मॅडम, परत आली का वो गाठ?"

"काका, फोटो अजून डॉक्टरांनी पाहिले नाहीत," म्हटलं. आणि मग मला विचारायचा होता तो प्रश्न विचारला, "सकाळी आलात कशावर?"

"मोटरसायकलवर. अंधारातच निघालो निफाडहून."

जानेवारीतलं निफाड नाशिककरांना सांगायला नको. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत हे नाव दरवर्षी असतं आणि द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. त्या गारठ्यात ही मुलगी उपाशीपोटी, पातळ स्वेटरवर, गाडीच्या मागच्या सीटवर बसून आली होती. उपाशी कारण स्कॅनआधी सहा तास काही खायचं नसतं. आम्ही शिरेतून देतो ती किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर. शरीरात जिथे साखरेचा खप जास्त, तिथे ती जमते. कॅन्सरच्या पेशी ती अधाशासारखी ओढतात. पण ओढणाऱ्या त्या एकट्याच नसतात.

आमच्या डॉक्टरांनी पेटचा फोटो सीटीवर चढवून एकेक ठिपका तपासला. बहुतेक ठिकाणी गाठ नव्हतीच, होती नुसती चरबी, तीही डावी-उजवीकडे सारखी. तपकिरी चरबी. नेहमीची पांढरी चरबी इंधन साठवते, ही जाळते. तिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतले ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म भाग, खच्चून भरलेले असतात. त्यांच्यातल्या लोहामुळे तिला तो रंग येतो. त्यांत यूसीपी-1 नावाचं प्रथिन असतं. थंडी वाजली की मज्जातंतूंचा निरोप पोचतो आणि या प्रथिनामुळे, एरवी पेशीच्या कामासाठी साठवली गेली असती ती ऊर्जा सरळ उष्णता होऊन बाहेर पडते. जळण तेच, पण चुलीवर भांडं ठेवलेलं नाही.

मोठ्या माणसांत ही चरबी उरतच नाही, असं बराच काळ मानलं जाई. 2009 साली एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात आलेल्या तीन शोधनिबंधांनी ते खोडून काढलं. त्यातल्या बोस्टनच्या गटाने 1,972 रुग्णांचे असेच पेट स्कॅन पाहिले होते. स्त्रियांपैकी 7.5 टक्क्यांत आणि पुरुषांपैकी 3.1 टक्क्यांत ती पेटलेली दिसली. हे सगळं ठाऊक असूनही तो फोटो समोर आला की पोटात गोळा येतोच.

एका ठिकाणी मात्र डॉक्टरांना खात्री वाटेना. त्यांनी वडिलांना आत बोलावून नीट समजावलं आणि स्कॅन पुन्हा करायचं ठरवलं.

त्याच सकाळी दुसरा पेशंट होता, पस्तिशीतला धावपटू. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून इथे धावणाऱ्यांना वेगळाच मान आहे आणि या गृहस्थांना त्याची पूर्ण कल्पना होती. फुप्फुसातल्या एका बारीक गाठीसाठी आले होते. स्कॅनच्या आदल्या दिवशी धावू नका म्हणून बजावलं होतं, नाहीतर पायाचे स्नायूच साखर खेचून घेतात. त्यावरून आधीच कुरकुर. अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट, आणि दिलेलं ब्लँकेट त्यांनी परत केलं. "थंडीची सवय आहे आपल्याला."

त्यांचा फोटो स्वच्छ आला. गाठीतही काही पेटलेलं नव्हतं, मानेत तर नाहीच. आनंदाची बातमी! पण प्रतीक्षाकक्षात निफाडच्या काकांशी त्यांच्या गप्पा झाल्या होत्या, त्यामुळे ते डॉक्टरांपाशी अडून बसले. "रोज धावलं की पांढरी चरबी तपकिरी होते, असं वाचलंय मी. मग माझ्यात काहीच कसं नाही?"

डॉक्टर हसले. ते वाचलंत ते उंदरांचं, म्हणाले. उंदरांना चाकावर पळवलं की त्यांच्या कातडीखालच्या चरबीत काही पेशी उष्णता देणाऱ्या होतात, हे खरं. माणसांत तसं दिसत नाही. 2015 साली नेदरलँड्समध्ये सहनशक्तीचे 12 खेळाडू आणि बैठं काम करणारे 12 सडपातळ पुरुष थंडीत ठेवून तपासले, तर खेळाडूंचीच तपकिरी चरबी जास्त गप्प निघाली. स्पेनमधल्या ग्रनाडात व्यायाम न करणाऱ्या तरुण मुलामुलींकडून 24 आठवडे देखरेखीखाली व्यायाम करून घेतला. त्यांच्या तपकिरी चरबीत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही, हे 2022 साली छापून आलं. एक तर्क असा की स्नायू काम करताना खर्चाचा मोठा भाग उष्णता म्हणूनच बाहेर टाकतात. रोज एवढी ऊब मिळणाऱ्या शरीराला वेगळी भट्टी कशाला हवी?

"म्हणजे माझं धावणं वाया?"

"तुमचं हृदय, तुमची साखर, त्यासाठी धावा. चरबीचा रंग बदलायला नको."

मला हे उत्तर आवडलं, पण तुलना मनातून जाईना, म्हणून नंतर डॉक्टरांना छेडलं. त्यांनी ती तिथेच मोडली. ती बावीस वर्षांची मुलगी, हे पस्तिशीचे पुरुष. वय, बाई की पुरुष, किती गारठा खाल्ला, सगळंच वेगळं. एका सकाळच्या दोन स्कॅनवरून व्यायामाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. खरंच आहे. तरी व्हॉट्सॲपवर यापेक्षा कमी पुराव्यावर लोक तपकिरी चरबी पेटवायला गोदावरीतल्या रामकुंडात पहाटे बुड्या मारायला निघतात.

ती मुलगी पुन्हा आली ती बंद जीपमधून, शाल, मोजे, मफलर, सगळं चढवून. इंजेक्शनच्या आधीपासून तिला हीटर लावलेल्या खोलीत दोन ब्लँकेटांखाली बसवलं, साखर शरीरात पसरेपर्यंतचा तासभरही तिथेच. ती घामाघूम होऊन माझ्यावर वैतागली. या वेळी मान आणि मणक्यांच्या कडा पूर्ण साफ होत्या, शंकेची जागाही. डॉक्टरांनी काकांना ते दाखवलं, तर त्यांनी आधी स्वतःलाच शिव्या घातल्या, मोटरसायकल काढली म्हणून.

आता डिसेंबर-जानेवारीत अपॉइंटमेंटचा फोन मी स्वतः करते. सहा तास उपाशी, आदल्या दिवशी व्यायाम नाही, हे सांगून झालं की विचारते, येणार कशावर? दुचाकी म्हणाले तर दुपारची वेळ देते.